स्वरदुरुस्ती, ध्वनिमुद्रित गायनातील

ध्वनिमुद्रित आवाजातील कणसूर (किंचित बेसूर) जागा संगणकाच्या साहाय्याने इष्ट स्वरावर आणण्याची प्रक्रिया. ती स्वयंचलित किंवा हाताने करतात. हा भेद कामाच्या रीतीचा आहे, संगणकप्रणालींचा (सॉफ्टवेअरचा) नव्हे. ‘ऑटो-ट्यून’ आणि ‘मेलोडाइन’ या दोहोंत दोन्ही सोयी आहेत.

स्वयंचलित रीतीत पट्टी, स्वरश्रेणी आणि दुरुस्तीचा वेग एकदा ठरवून दिला, की प्रत्येक स्वर जवळच्या मान्य स्वराकडे ओढला जातो. तेलशोधासाठी भूकंपी लहरींचे विश्लेषण करणारे अँडी हिल्डेब्रँड यांनी त्याच क्षेत्रातील गणिताच्या आधारे १९९७ मध्ये ‘ऑटो-ट्यून’ आणले. वेग अगदी तीव्र ठेवल्यास मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) मोडून जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते. हाताने करावयाच्या रीतीचा प्रसार म्युनिकच्या सेलेमोनी कंपनीच्या ‘मेलोडाइन’मुळे (२००१) झाला. तीत पडद्यावर सुट्या दिसणाऱ्या प्रत्येक स्वराची मूळ उंची, कंप आणि घसरण वेगवेगळी बदलता येते. म्हणून स्वर जागेवर आणूनही त्याचे आंदोलन राखता येते.

कोणता स्वर ‘मान्य’ मानावा, हा खरा वादाचा मुद्दा. त्याची एक जुनी चर्चा मराठवाड्यातच सापडते. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने *संगीतरत्नाकरा*त (साधारणतः तेराव्या शतकाचा पूर्वार्ध) बावीस श्रुती (सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरे) सिद्ध करण्यासाठी प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणा सांगितल्या आहेत: एक ध्रुव, म्हणजे न बदलणारी, आणि दुसरी चल, जिचे स्वर क्रमाने उतरवायचे. या श्रुती समान की विषम, यावर मतभेद आहेत. प्राचीन ग्रंथकारांच्या श्रुती समान होत्या, असे संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंडे मानत, तर संगीत-संशोधक कृ. ब. देवल यांनी त्यांना कंपनसंख्यांची निश्चित गुणोत्तरे लावली. तथापि शार्ङ्गदेव तारांची लांबी वा गुणोत्तरे देत नाही, ‘किंचित उंच’ एवढेच म्हणतो. त्यामुळे संगणकातील श्रुतींचे तयार कोष्टक त्याच्या नावावर खपवणे धाडसाचे वाटते.

व्यवहारातील फरक लहान, पण कानाला कळणारा असतो. काळी दोनच्या पट्टीत (पेटीची दुसरी काळी पट्टी ‘सा’ मानून) मध्य षड्‌ज सुमारे १५५.६ हर्ट्‌झ धरल्यास तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गांधार (ग) १९४.५ येतो, तर सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या समभाग श्रेणीतला १९६; म्हणजे सुमारे १४ सेंटचे अंतर (सप्तक = १२०० सेंट). तंबोऱ्यावरच्या ख्यालाला बारा समान भागांची स्वयंचलित श्रेणी लावल्यास बरोबर लागलेला गांधारही चढतो. पेटीच्या साथीतील भजनात हा प्रश्न सौम्य असतो, कारण आजच्या बहुतेक पेट्या समभागाच्या जवळपासच जुळवलेल्या असतात. तेथे बिघडतात त्या मुरक्या (झटकन घेतलेले स्वरगुच्छ) आणि कणस्वर (मुख्य स्वराला ओझरते लागणारे स्वर).

म्हणून भजन-गवळणींच्या मुद्रणात मुखड्याच्या लांब स्वरांवर सौम्य स्वयंचलित दुरुस्ती आणि हरकतींच्या (स्वरांच्या नक्षीच्या) जागी हाताने केलेली, अशी मिश्र रीत सोयीची ठरते. कोरसला सहसा स्वयंचलित पुरते. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांसारख्या अर्धवट बोलून म्हटल्या जाणाऱ्या रचनांत मात्र स्वयंचलित प्रणाली बोललेल्या शब्दांनाही स्वर समजून ओढते. असे तुकडे दुरुस्तीतून वगळावे लागतात.