बानाखत झालं, दस्तावेज बाकी: बडोद्यात पहिलं घर घेताना

भायली, गोत्री, सेवासीकडे फ्लॅट बघत फिरणाऱ्या बडोद्याच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बानाखत झालं हो, घर घेतलं!" पाठोपाठ पुण्याच्या मावशीचा फोन येतो: "अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं ना? मग काळजी कसली, घर तुमचंच." मावशी पुण्यापुरतं बरंचसं बरोबर बोलते. बडोद्यात मात्र तिचा सल्ला जसाच्या तसा उचलला, तर पैशांचा हिशेबही चुकतो आणि कायद्याचाही.

बानाखत हा कराराचा कागद आहे. अमुक घर, अमुक किमतीला, अमुक तारखेपर्यंत मी विकेन आणि तुम्ही घ्याल, एवढं तो सांगतो. महाराष्ट्रात ज्याला साठेखत म्हणतात तेच हे. दस्तावेज म्हणजे खरेदीखत. सब-रजिस्ट्रारकडे त्याची नोंदणी झाली की मालकी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५४ वं कलम याबाबत अगदी कोरडं आहे: विक्रीच्या करारामुळे त्या मालमत्तेत आपोआप कोणताही हक्क तयार होत नाही. म्हणजे बानाखत हातात असताना तुमचा हक्क त्या माणसावर असतो, घरावर नसतो. त्याने शब्द फिरवला तर "याच्याकडून दस्तावेज करून द्या" म्हणून कोर्टात जाता येतं. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यात २०१८ साली बदल झाल्यापासून असा दावा जास्त भक्कम झाला आहे, आणि तो सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. पण शेवटी तो दावाच. राहायला घर हवं होतं, आणि मिळाली तारीख, असं कुणालाच नको असतं.

आता मावशीचं काय? महाराष्ट्रात नव्या इमारतीतला फ्लॅट घेताना बिल्डरबरोबरचा करार नोंदवला जातो आणि पूर्ण स्टॅम्प ड्युटी तेव्हाच भरली जाते. पुढे जमीन आणि इमारत यांचं कन्व्हेयन्स (मालकीचं हस्तांतरण) सोसायटीच्या नावे होतं, एकेका फ्लॅटचं वेगळं खरेदीखत बहुतेक वेळा होतच नाही. त्यामुळे तिथल्या माणसाला अ‍ॅग्रीमेंट हाच मोठा दिवस वाटतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. गुजरातेत प्रघात वेगळा. इथे फ्लॅटचा दस्तावेज साधारणपणे प्रत्येक घेणाऱ्याच्या नावे स्वतंत्र होतो, त्यात जमिनीचा अविभाजित हिस्साही लिहिलेला असतो, आणि स्टॅम्प ड्युटीचा मोठा आकडा त्या दिवशी येतो. पुण्याच्या दृष्टीने लिहिलेले घरखरेदीचे मराठी लेख वाचून बडोद्यात बजेट आखणारे इथेच फसतात. "करार झाला, आता फक्त हप्ते" असं धरून ते उरलेल्या पैशांत फर्निचर सांगून बसतात.

तो आकडा एकदा मांडून बघू. गुजरातेत स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आहे: मूळ ३.५ टक्के आणि त्यावर ४० टक्के अधिभार. शिवाय नोंदणी फी १ टक्का. हे ठरलेल्या किमतीवर किंवा जंत्रीच्या, म्हणजे सरकारने भागवार ठरवलेल्या दराच्या, किमतीवर, दोन्हींत जी जास्त असेल तिच्यावर. जंत्रीचे दर १५ एप्रिल २०२३ पासून जवळपास दुप्पट झाले, तेव्हा चार-पाच वर्षांपूर्वी घर घेतलेल्या मित्राचे अंदाज वापरू नका. मांजलपूरला ४५ लाखांचा जुना फ्लॅट घेतला आणि जंत्री त्याहून कमी असली, तर स्टॅम्प ड्युटी २,२०,५०० रुपये आणि नोंदणी ४५,००० रुपये. मिळून २,६५,५०० रुपये.

बँक हे देईल का? सहसा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं, आणि घर अगदी स्वस्तातलं नसेल तर ही किंमत धरताना स्टॅम्प व नोंदणीचा खर्च त्यात मिळवता येत नाही. म्हणजे वरच्या उदाहरणात ३६ लाख बँकेचे धरले तर ९ लाख स्वतःचे, आणि त्यावर हे २,६५,५०० देखील स्वतःचेच. ११,६५,५०० रुपये, दलाली, वकील, रंगरंगोटी वेगळी. पहिलं घर घेणाऱ्याने बानाखताची रक्कम जमली म्हणून हुरळून जाऊ नये. तयारी दस्तावेजाच्या दिवसाची करायची.

याच हिशेबातली एक सवलत बानाखताच्या वेळीच ठरवावी लागते. दस्तावेज फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर गुजरातेत नोंदणी फी माफ आहे. वरच्या उदाहरणात ४५,००० रुपये वाचतात. नवऱ्याचं नाव सहमालक म्हणून आलं की ही माफी गेली. कर्जात त्याचं नाव असणं ही वेगळी गोष्ट. बानाखत एकाच्या नावे आणि दस्तावेज दुसऱ्याच्या नावे करायचा म्हटलं की बँक आणि वकील दोघंही प्रश्न विचारतात, म्हणून कोणाच्या नावाने घ्यायचं हे घरात आधीच बोलून घ्या. मान-अपमानाचे प्रश्न बानाखतापूर्वी सुटलेले बरे!

आता या दोन कागदांमधला काळ. तो महिन्याभराचा असो की दोन वर्षांचा, खरा धोका आणि खरं काम दोन्ही तिथेच असतं.

जुन्या शहरातलं उदाहरण घ्या. दांडिया बाजार, बाजवाडा किंवा सुलतानपुऱ्यातलं वडिलोपार्जित घर. घरातला एक भाऊ बोलका आहे, घर दाखवतो, बानुं (आगाऊ रक्कम) घेतो, बानाखतावर सही करतो. मग वकील सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढतात, तर त्यावर अजून आजोबांचं नाव. वारसाईची नोंद करायची, तर दोन बहिणी अहमदाबादला आणि एक पुतण्या परदेशात. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. त्यांनी दस्तावेजावर सही करायला हवी किंवा आपला हक्क सोडून द्यायला हवा. एका भावाचं बानाखत बाकीच्यांना बांधत नाही. म्हणून अशा घराचं बानाखत सगळ्या वारसांच्या सह्यांनीच करावं, नाहीतर आधी वारसाई होऊ द्यावी आणि मगच पैसे द्यावे, असं माझं स्पष्ट मत आहे. "बहिणींचं मी बघून घेतो" या वाक्यावर एक रुपयाही देऊ नये.

जुन्या बडोद्यात आणखी एक गोष्ट आहे जी पुण्याच्या नातेवाइकांना ठाऊकच नसते: अशांत धारा. १९९१ च्या या कायद्याखाली जाहीर झालेल्या भागांत घर विकायचं असेल तर कलेक्टरची आधी परवानगी लागते. विकणारा राजीखुशीने आणि योग्य किमतीला विकतो आहे का, हे तपासलं जातं. परवानगीशिवाय केलेलं हस्तांतरण कायद्याने टिकत नाही. शहराचे अनेक भाग यात येतात, तेव्हा आपली गल्ली त्यात आहे का हे आधी विचारा, आणि बानाखतात स्पष्ट लिहून घ्या की परवानगी विकणाऱ्याने आणायची आणि दस्तावेजाची मुदत ती मिळाल्यावर सुरू होईल. हे लिहिलं नाही तर परवानगीची वाट बघत असतानाच मुदत संपते आणि बानुं जप्त करण्याची भाषा सुरू होते.

नव्या स्कीममध्ये चित्र जरा बरं आहे. २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदलेल्या प्रोजेक्टमध्ये बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, करार झाल्यावर तुमचा फ्लॅट गहाण टाकता येत नाही, ताबा लांबला तर व्याज किंवा पैसे परत मागता येतात. म्हणजे इथे बानाखतालाच कायद्याने बळ दिलं आहे. पण ही ताकद नोंदवलेल्या कराराची. ऑफिसातली छापील बुकिंगची पावती किंवा टोकनची चिठ्ठी म्हणजे बानाखत नव्हे, मग त्यावर कितीही सोनेरी शिक्के असोत. बांधकाम चालू असताना जीएसटीही लागतो: ५ टक्के, आणि ४५ लाखांपर्यंतचा व ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) असलेला फ्लॅट असेल तर १ टक्का. बीयू (इमारत वापरण्याची परवानगी) मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. बीयूशिवाय राहायला जायचा मोह टाळा, एवढंच इथे सांगतो. त्यावर वेगळं लिहिता येईल.

पुनर्विक्रीच्या व्यवहारात नोटरीपुढे केलेलं बानाखत अजूनही सर्रास चालतं. माझा आग्रह नोंदणीचा. नोंदणीकृत बानाखत असेल तर दुसरा कुणी घ्यायला आला आणि त्याच्या वकिलाने शोध घेतला की ते दिसतं, आणि "मला माहीतच नव्हतं" असं त्याला म्हणता येत नाही. शिवाय बानाखताबरोबरच ताबा घेणार असाल तर २००१ पासून नोंदणीशिवाय त्या ताब्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं संरक्षण मिळत नाही, आणि ताबा आला की स्टॅम्पचा हिशेबही बदलू शकतो. तेव्हा "चावी आत्ताच घ्या, दस्तावेज निवांत करू" हे औदार्य वाटलं तरी आधी वकिलाला विचारा. असंच दुसरं औदार्य म्हणजे "पॉवरवर देतो, स्टॅम्प वाचेल". बानाखत, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आणि मृत्युपत्र एकत्र बांधून दिलं तरी मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितलं आहे.

बानाखतात काय हवं? किंमत आणि तारखा सगळेच लिहितात. लोक विसरतात ते असं: कर्ज नामंजूर झालं तर बानुं किती दिवसांत परत, विकणाऱ्याचं चालू कर्ज कोणत्या पैशांतून फिटणार आणि त्याच्या बँकेकडून मूळ कागद कधी सुटणार, थकलेला वेरो (महापालिकेचा घरकर) आणि सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, पार्किंग नक्की कुठलं, आणि क्षेत्रफळ कार्पेटमध्ये. सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना-लॉबी धरून मोजलेला, मोठा आकडा जाहिरातीत राहू द्या. पहिला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. नोकरदार मुलाचं कर्ज बँकेने कागदांच्या कारणावरून अडवलं की त्याची सगळी बचत विकणाऱ्याच्या खिशात अडकते, आणि करारात ओळ नसेल तर वाटाघाटीत त्याचा हात नेहमी खाली.

रोख रकमेबद्दल बडोद्यात मोकळेपणाने बोललं जातं, म्हणून मीही बोलतो. "दस्तावेज जंत्रीने करू, वरचे रोकड्यात" असं दलाल सहज सांगतो. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. घेणाऱ्याचं नुकसान तर अगदी साधं आहे: कर्ज कागदावरच्या किमतीवर मिळतं, आणि पुढे घर विकताना खरेदीची किंमत कमी दिसल्याने कर जास्त. शिवाय सौदा मोडला तर रोख दिलेले पैसे कुठल्या कागदाने मागणार? किंमत किंवा स्टॅम्पचं मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची आहे, आणि ती दस्तावेजाच्या दिवशी सुरू होत नाही. बानाखताच्या वेळच्या पहिल्या चेकपासूनच कापायचा.

दस्तावेजाचा दिवस खरं तर कंटाळवाणा असतो. कचेरीत नंबर, फोटो, अंगठे, पॅन, दोन साक्षीदार, बँकेचा माणूस चेक घेऊन. सही झाल्यापासून नोंदणीसाठी कायदा चार महिने देतो, पण सही आणि नोंदणी एकाच दिवशी उरकणं चांगलं, आणि विकणाऱ्यालाही पूर्ण रक्कम तेव्हाच हातात हवी असते. कर्ज असेल तर मूळ दस्तावेज थेट बँकेत जातो, तेव्हा सगळ्या पानांची स्वच्छ प्रत आणि इंडेक्स-२ (नोंदणीचा उतारा) आपल्याकडे ठेवा. दस्तावेजातला फ्लॅट नंबर, टी.पी. (नगररचना योजना) आणि एफ.पी. (अंतिम प्लॉट) नंबर, नावांची स्पेलिंग सहीच्या आधी स्वतः वाचा. गुजराती लिपी जमत नसेल तर शेजारच्या कुणाला मोठ्याने वाचायला सांगा. नंतर साधी चूक सुधारायलाही पुन्हा विकणाऱ्याची सही लागते, आणि पैसे मिळालेला माणूस फोन उचलायला वेळ लावतो. मग महापालिकेत वेऱ्याचं नाव, लाइट बिलाचं नाव, सोसायटीत सभासदत्व आणि सिटी सर्व्हेत किंवा सातबाऱ्याला नोंद. ही कामं त्याच महिन्यात उरका, विकणाऱ्याचा पत्ता अजून तोच आहे तोवर.