पोलारिस : खप न विचारणारा पुरस्कार

कॅनडात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला ‘पोलारिस म्युझिक प्राइझ’ दिलं जातं. सुरुवात २००६ ची. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे संगीतासाठीचे जुनो पुरस्कार होते, पण त्यांत खपाच्या आकड्यांना बरंच वजन. रेकॉर्ड कंपन्यांत काम केलेल्या स्टीव्ह जॉर्डन यांनी ब्रिटनमध्ये १९९२ पासून अल्बमला दिल्या जाणाऱ्या मर्क्युरी प्राइझचा नमुना डोळ्यांपुढे ठेवला आणि नियम एकच घातला : संगीताचा प्रकार, खप, कंपनी यांपैकी काही बघायचं नाही, फक्त कलेचा कस बघायचा.

सुमारे दोनशे पत्रकार आणि रेडिओवाले आपापले पाच अल्बम कळवतात. त्यातून चाळीसांची यादी, मग दहांची. शेवटी समारंभाच्या रात्री बाहेर गाणं रंगलेलं असताना अकरा परीक्षक एका खोलीत बसून निकाल लावतात. पहिल्या वर्षी वीस हजार डॉलर मिळाले ते ओवेन पॅलेट या व्हायोलिनवादकाला.

या नियमाने काय साधलं ते खरं दिसलं २०१४ मध्ये. तान्या टागाक या इनुइट, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आदिवासी, गायिकेने समारंभात कंठगायन केलं. श्वास, गुरगुर, हुंकार, शब्द जवळपास नाहीतच. मागच्या पडद्यावर बाराशे आदिवासी स्त्रियांची नावं सरकत होती, बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या. त्या रात्री पुरस्कार तिलाच मिळाला. पुढच्याच वर्षी तो गायिका बफी सेंट-मारी यांना गेला, पण त्या कॅनडाच्या नागरिक नसल्याचं स्पष्ट झाल्यावर २०२५ मध्ये काढून घेतला गेला. आदिवासी म्हणून त्यांच्याकडे अभिमानाने पाहणाऱ्यांना त्याआधीच, त्यांच्या आदिवासी वंशावरच शंका घेणाऱ्या पत्रकारी शोधाने, मोठा धक्का बसला होता.

माझ्या लेखी या पुरस्काराचं सर्वांत मोलाचं वर्ष २०१८. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या टोबिक या आदिवासी वस्तीतले जेरेमी डचर शिकले पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं. आपल्या लोकांची जुनी गाणी संग्रहालयात आहेत, हे त्यांना मॅगी पॉल या ज्येष्ठ गायिकेने सांगितलं. विसाव्या शतकाच्या आरंभी एका मानववंशशास्त्रज्ञाने ती मेणाच्या नळकांड्यांवर, म्हणजे तेव्हाच्या रेकॉर्डवर, टिपून घेतली होती. डचर तिथे गेले, हेडफोन लावून एकेक ओळ पुन्हा पुन्हा ऐकत उतरवत राहिले. अल्बममध्ये आधी खरखर येते, त्या खरखरीतून एखाद्या पूर्वजाचा आवाज उमटतो, आणि त्याच्या जोडीला डचर यांचा पियानो आणि भरदार गळा. भाषा त्यांच्या लोकांची, वोलास्तोके. ती अस्खलित बोलणारे तेव्हा शंभरसुद्धा उरले नव्हते. खपाचा हिशेब मांडला असता, तर हा अल्बम चाळिसांच्या यादीपर्यंतही पोचला नसता.

२०२४ मध्ये डचर यांना हा पुरस्कार पुन्हा मिळाला. तोवर दोनदा कुणालाच मिळाला नव्हता.