टाके घालताना लेकराला दाबून का धरायचं?

पोळ्याच्या संध्याकाळी माझ्या भाच्याचा पाच वर्षांचा मुलगा बैलगाडीवरून पडला. भुवईच्या वर दोन बोटं फाटलं. कुणीतरी जखमेत चहापूड दाबून भरली होती, ती आधी धुवून काढावी लागली. मग परभणी जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात चौघांनी त्याला टेबलावर दाबून धरलं आणि चार टाके पडले. गुंगीचं काही देता येईल का, असं मी विचारलं, तर शेजारच्या बाईच म्हणाल्या, "नका देऊ बापा, लेकराचा मेंदू मंद होतो."

हा समज मराठवाड्यात घरोघरी आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१६ मध्ये मुलांच्या भुलीबद्दल इशारा दिला होता, पण तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलीबद्दल होता. चार टाक्यांना दहा मिनिटं लागतात.

भीती, वेदना आणि हालचाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येक औषध तिन्हींवर चालत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, काढताना देतात ते ट्रायक्लोफॉसचं सिरप फक्त झोप आणतं. सुई टोचली की लेकरू जागं होतं, आणि औषधाची गुंगी तर तासन् तास रेंगाळते. टाक्यांसाठी ते कामाचं नाही. मिडाझोलम हे घरात फिटचा रुग्ण असेल तर नाकातला स्प्रे म्हणून ओळखीचं असेल. नाकात थोडं झोंबतं, पण पाच-दहा मिनिटांत भीती ओसरते आणि नंतरची आठवणही पुसट होते. वेदना मात्र ते जराही कमी करत नाही, म्हणून लिग्नोकेनने जागा बधिर करावीच लागते. काही मुलं मिडाझोलमने शांत होण्याऐवजी उलट चवताळतात. नायट्रस ऑक्साइड वायू निम्म्या ऑक्सिजनसोबत मास्कमधून देतात. तो झटकन चढतो, झटकन उतरतो, पण मूल मास्क लावू देईल तरच.

केटामाइनची तऱ्हा या सगळ्यांहून निराळी. १९६२ मध्ये बनलेलं हे औषध १९८५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मज्जातंतूच्या पेशी ग्लुटामेट नावाच्या रसायनातून एकमेकींना निरोप धाडतात. निरोप घेणाऱ्या पेशीवर एनएमडीए नावाचं प्रथिनांचं दार असतं आणि एरवी त्याच्या नळीत मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. ग्लुटामेट चिकटलं, जोडीला ग्लायसीनही चिकटलं आणि पेशीचा विद्युतदाब आधीच चढलेला असला, तरच ते बूच उडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. म्हणजे एकट्यादुकट्या निरोपाला हे दार दाद देत नाही, लागोपाठ येणाऱ्या जोरकस निरोपांनाच उघडतं. जखमेचे निरोप नेमके असेच असतात. टोचणी चालू राहिली की मज्जारज्जूतली पेशी दरवेळी आधीपेक्षा जोरात उत्तर देऊ लागते. केटामाइनचा रेणू या उघड्या दारातून शिरतो आणि नळीतच अडकून बसतो. मिटलेल्या दारातून त्याला आत जाता येत नाही, पण एकदा आत गेला की दार मिटलं तरी तो आतच कोंडून राहू शकतो. जे दार जास्त वाजतंय, तेच आधी अडतं! मला यात विलक्षण सौंदर्य दिसतं.

परिणाम असा, की मुलाचे डोळे उघडे असतात, बुबुळं हलत असतात, पण सुई त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि श्वास सहसा चालू राहतो. पूर्वी कामाला जाणाऱ्या बाया लेकराला अफूची इवलीशी गोळी चाटवायच्या. लेकरू गप्प पडायचं, पण अफू मेंदूच्या देठातलं श्वासाचं केंद्रही मंद करते, आणि त्यात लेकरं दगावायची.

केटामाइनलाही जोखीम आहेच. शुद्धीवर येताना काहींना उलटी होते, क्वचित घशातले स्वरतंतू आवळून श्वास अडतो, आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ते देत नाहीत. म्हणून ऑक्सिजन आणि पल्स ऑक्सिमीटर हवा, आणि टाके घालणारा सोडून फक्त श्वासाकडे पाहणारा, वेळ पडली तर तो सावरू शकणारा दुसरा जाणकार माणूस हवा. त्या टेबलाभोवती माणसं चार होती, चौघांचे हात दाबण्यात गुंतले होते.

भुवईवरचा व्रण आता दिसेनासा होत आलाय. पण केस कापताना न्हाव्याने कपाळावर हात ठेवला की पोरगं अजून किंचाळतं.