संगणकीय ओळखपडताळणी

संगणकीय ओळखपडताळणी : लॉगिन करणारी व्यक्ती किंवा यंत्र आपण जे असल्याचे सांगते तेच आहे का, हे सॉफ्टवेअरने तपासण्याची पद्धत. त्यासाठी लागणारे पासवर्ड, ओटीपी, किल्ल्या, टोकन, प्रमाणपत्रे आणि बोटांचे ठसे देणे, जपणे, तपासणे व वेळ आली की रद्द करणे, ही सगळी व्यवस्था तिच्यातच मोडते. ओळख पटणे आणि परवानगी मिळणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. तलाठ्याचे लॉगिन खरे आहे का, हे पहिल्या पायरीत ठरते. शेजारच्या सज्जातला फेरफार त्याला उघडता येईल का, हे दुसरीत. या नोंदीत मुख्यतः पहिल्या पायरीचा विचार केला आहे.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ही व्यवस्था आता बँकेपुरती उरलेली नाही. सातबारा, पीकविमा, पीएम-किसानचा हप्ता, रेशन, शिष्यवृत्ती, विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, यांपैकी कशालाही हात घातला की आधी ओळख पटवावी लागते. त्यामुळे तिच्यामागचे गणित जेवढे समजून घ्यायचे, तेवढेच तिचे चुकणेही. तपासणी फसली तर सर्व्हरचे काही बिघडत नाही. रांगेतला माणूस हात हलवत घरी जातो.

पासवर्ड कसा तपासतात

एकाच संगणकावर अनेकांनी काम करायचे आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायच्या, ही गरज १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एमआयटी संस्थेत निर्माण झाली. फर्नांदो कोर्बातो यांच्या गटाने उभारलेल्या सीटीएसएस प्रणालीत त्यासाठी पासवर्ड आला. हे पासवर्ड एका साध्या फायलीत होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाने, वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना म्हणून, ती फाईलच छापून घेतली. पासवर्डांच्या इतिहासातली ही पहिली मोठी चोरी मानली जाते. तपासणाऱ्याने गुपित स्वतःजवळ ठेवूच नये, हे या शास्त्रातले मूळ तत्त्व अशा अनुभवांतून पुढे आले. पुढची साठ वर्षे त्याच तत्त्वाची अंमलबजावणी चालू आहे.

गुपित न ठेवता ते तपासायचे कसे? पासवर्डवर एकाच दिशेने चालणारी गणिती प्रक्रिया करतात आणि तिचे उत्तर, म्हणजे हॅश, तेवढेच साठवतात. पासवर्डवरून हॅश क्षणात निघतो, पण हॅशवरून पासवर्डकडे परतायची वाट नसते. मात्र दोघांचा पासवर्ड एकच असेल तर हॅशही एकच येतो. मग चोर नेहमीच्या पासवर्डांचे हॅश आधीच काढून त्यांची तयार यादी जवळ ठेवू शकतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्स या कार्यप्रणालीवरील लेखात यावरचा उपाय मांडला. प्रत्येक पासवर्डात काही यादृच्छिक बिट मिसळायचे (याला सॉल्ट म्हणतात) आणि हिशेब मुद्दाम संथ करायचा. त्यांचा सॉल्ट १२ बिटांचा होता, म्हणजे एकाच पासवर्डची ४,०९६ वेगवेगळी रूपे होत. आज वापरात असलेल्या बीक्रिप्ट (१९९९), एसक्रिप्ट (२००९) आणि २०१५ च्या जाहीर स्पर्धेत निवडल्या गेलेल्या आर्गॉन-२ या पद्धती त्याच वाटेने पुढे गेल्या आहेत.

परभणीच्या एखाद्या विद्यार्थिनीने परीक्षा अर्जासाठी लॉगिनचे बटण दाबले, की पुढच्या सेकंदात काय होते ते पाहू. ब्राउझर आधी सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासतो आणि संवाद कूटबद्ध करतो. सर्व्हर तिच्या नावाची ओळ डेटाबेसमधून काढतो. पोर्टल बीक्रिप्ट वापरत असेल तर तिथे साठ अक्षरांची एक माळ असते. सुरुवातीला पद्धतीची आवृत्ती व मेहनतीचा आकडा, मग २२ अक्षरांचा सॉल्ट, शेवटी ३१ अक्षरांचा हॅश. मेहनतीचा आकडा १२ असेल तर आतला मुख्य हिशेब दोनाच्या बाराव्या घाताइतक्या, म्हणजे ४,०९६ फेऱ्या घेतो. तिला हा विलंब जाणवतही नाही. चोरलेल्या यादीवर कोट्यवधी अंदाज चालवणाऱ्याला मात्र तो चांगलाच महागात पडतो. आलेले उत्तर साठवलेल्या हॅशशी ताडून पाहतानाही काळजी घेतात. पहिले अक्षर चुकताच थांबले तर लागलेल्या वेळेवरून बाहेरच्याला अंदाज बांधता येतो, म्हणून तुलना शेवटपर्यंत सारख्याच वेळात करतात. ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असे मोघम उत्तरही याच कारणाने देतात. नेमके काय चुकले हे सांगितले, तर कोणाचे खाते आहे आणि कोणाचे नाही हे फुकटात कळते. सगळे जुळले की सर्व्हर तात्पुरता सत्र-क्रमांक देतो आणि पुढची पाने त्यावरच उघडतात.

एवढे सगळे ठाऊक असूनही ते टाळले जाते. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे तीन कोटींहून अधिक पासवर्ड उघडे सापडले, हॅश नव्हताच. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, तेव्हा त्यांत सॉल्ट नव्हता. ‘पासवर्ड विसरलात?’ वर टिचकी मारल्यावर एखादी साइट तुमचा जुना पासवर्डच एसएमएसने पाठवत असेल, तर तिने तो जसाच्या तसा किंवा पुन्हा वाचता येईल असा ठेवला आहे, हे पक्के समजावे. तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नये.

देवनागरी पासवर्ड हा आपल्याकडे फारसा न बोलला जाणारा विषय. बीक्रिप्ट पासवर्डाचे पहिले ७२ बाइट विचारात घेते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त सुटे मोजले जातात. म्हणजे चोवीस चिन्हांतच मर्यादा संपते. त्याहून नाजूक प्रश्न ‘वाऱ्यावर’ सारख्या शब्दातल्या ‘ऱ्य’चा आहे. हा ‘ऱ’ एकाच संकेतांकाने लिहिता येतो, ‘र’ला नुक्ता (खालचा टिंब) जोडून लिहिता येतो, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही उमटवता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण बाइट वेगळे म्हणून हॅश वेगळा, आणि बरोबर पासवर्ड टाकूनही दार बंद. पहिल्या दोन रूपांचा मेळ युनिकोड या अक्षरसंकेताच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे रूपे एकसारखी करण्याच्या नियमाने बसतो, तिसऱ्याचा बसत नाही. मराठीत सेवा देणाऱ्या प्रत्येक पोर्टलने हे तपासून घ्यायला हवे. वापरणाऱ्याकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी सक्तीने बदलायला लावण्याची प्रथा अजून अनेक कार्यालयांत आहे. अमेरिकेच्या, मानके ठरवणाऱ्या एनआयएसटी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ती सोडून द्यायला सांगितले. सक्ती झाली की माणूस शेवटचा आकडा तेवढा वाढवतो. पासवर्ड लांब असावा, फुटलेल्या याद्यांतला नसावा आणि चोरीचा संशय आला तर लगेच बदलावा, एवढे पुरते.

ओटीपी

सहा अंकी ओटीपीच्या शक्यता दहा लाखच. म्हणून त्याचे बळ अंकांपेक्षा मुदतीत आणि मोजक्या संधींत असते. एसएमएसने येणारा आकडा सर्व्हर तयार करतो. ऑथेंटिकेटर ॲपमधला आकडा फोन स्वतः काढतो. फोन आणि सर्व्हर दोन्हीकडे आधीच ठेवलेले सामाईक गुपित आणि चालू वेळ यांचा हॅश काढून त्यातून सहा अंक घेतात, बहुधा दर ३० सेकंदांनी नवे. फोनचे घड्याळ फार मागे-पुढे असेल तर आकडा जुळत नाही. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना ओळखीचा दुसरा घटक, म्हणजे आणखी एक पुरावा, सक्तीचा केला आणि ओटीपी हा शब्द गावोगाव पोचला. त्यामागोमाग तो फोनवरून गोड बोलून काढून घेणारेही पोचले. ओटीपी वाचून दाखवता येतो, हीच त्याची मोठी उणीव.

अंगठा

आधारचे वाटप महाराष्ट्रातूनच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी सुरू झाले. बारा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक वेऱ्होफ पद्धतीने काढलेला तपासणी अंक असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर सॉफ्टवेअरला लगेच कळते. त्यावरून क्रमांकाची रचना बरोबर असल्याचे समजते, समोरचा माणूस तोच असल्याचे नाही. आधार क्रमांक हे नाव आहे, गुपित नव्हे. त्याची झेरॉक्स देणे म्हणजे ओळख पटवणे असे मानणारी प्रत्येक कचेरी येथेच घोळ करते.

ठशाची तपासणी पासवर्डासारखी ‘जुळले-नाही जुळले’ अशी नसते. दोन ठशांत किती साम्य आहे याचा आकडा निघतो आणि तो ठरवलेल्या मर्यादेच्या वर असेल तर होकार मिळतो. मर्यादा खाली आणली तर तोतया आत येतो, वर नेली तर खरा माणूस बाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणारी जोडपी महिनोन्‌महिने कोयता चालवतात, मोळ्या बांधतात आणि डोक्यावरून गाडीत भरतात. त्या हातांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा पुसून, ओला करून, दुसरे बोट लावून पुन्हा प्रयत्न करणारी म्हातारी माणसे कोणत्याही गावात दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात अशा वेळी पर्यायी मार्ग वापरण्यास आणि लाभ न नाकारण्यास सांगितले आहे. डोळ्यांची बुबुळे, ओटीपी आणि आता चेहरा हे पर्यायही आहेत. पर्याय नियमात असणे आणि तो समोरच्या यंत्रावर उघडून देणे यांतले अंतर मात्र दुकानदाराच्या माहितीवर आणि मर्जीवर अवलंबून राहते. ठशाची आणखी एक अडचण म्हणजे तो फुटला तर बदलता येत नाही. म्हणून गरज नसताना आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवण्याची सोय वापरावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

किल्ल्यांची जोडी आणि सातबारा

१९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी दाखवलेली सार्वजनिक किल्लीची पद्धत ‘गुपित जवळ ठेवू नये’ हे तत्त्व टोकाला नेते. खाजगी किल्लीने सही करायची. ती तपासायला सार्वजनिक किल्ली पुरते. तपासणाऱ्याकडे चोरण्यासारखे काही उरतच नाही. ही सार्वजनिक किल्ली खरोखर कोणाची, हे सांगणारा कागद म्हणजे प्रमाणपत्र. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक हे या साखळीच्या मुळाशी आहेत. त्यांच्या परवान्याखालील संस्था व्यक्तींना प्रमाणपत्रे देतात.

महाराष्ट्रात २०१८ पासून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हे याचे घरोघरी पोचलेले उदाहरण. तलाठ्याकडचे ‘डोंगल’ दिसायला पेनड्राइव्हसारखे असते, पण त्यातली खाजगी किल्ली बाहेर काढता येत नाही. पिन टाकल्यावर सही आतच होते. सातबाऱ्याची पीडीएफ संगणकावर उघडली की अनेकदा सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि ‘वैधता अज्ञात’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येतो. तसाच कागद छापून बँकेत नेला तर तो परत मिळण्याची भीती वाटते. सातबारा त्यामुळे खोटा ठरत नाही. पीडीएफ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या विश्वासू मुळांच्या यादीत भारताचे मूळ प्रमाणपत्र नसले, तर साखळीचा शेवट कोणाशी जुळवायचा हे त्याला कळत नाही. ते मूळ प्रमाणपत्र खात्री करून एकदा जोडले की तिथे हिरवी खूण येते. छापलेल्या कागदावर तर डिजिटल सही तपासताच येत नाही. तिथे कागदावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून पाहणे हाच मार्ग. तलाठ्याचे डोंगल हरवले तर प्रमाणपत्र रद्द करावे लागते आणि रद्द प्रमाणपत्रांची यादी वेळेवर पाहिली जावी लागते. साखळीतला हा दुवा सर्वांत कच्चा असतो.

साखळीचे मूळच सडले तर काय होते, ते २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेच्या प्रकरणात दिसले. घुसखोरांनी तिच्या नावाने गूगलसह अनेकांची बनावट प्रमाणपत्रे काढली, ब्राउझरांनी तिच्यावरचा विश्वास काढून घेतला आणि त्याच वर्षी संस्था दिवाळखोरीत गेली. रद्द याद्यांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही म्हणून आता मुदतच कमी करत आणली आहे. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२० मध्ये ३९८ दिवसांवर आली आणि २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणायचे ठरले आहे.

यंत्रांची गुपिते

माणसांइतकीच गुपिते प्रोग्रामांनाही लागतात: डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट सेवेची किल्ली, एसएमएस पाठवण्याचे टोकन. ती थेट कोडमध्ये लिहून ठेवण्याची सवय घातक आहे. २०१६ मध्ये उबरच्या कोडभांडारात सापडलेल्या क्लाउडच्या किल्लीने ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. नंतरच्या आवृत्तीतून किल्ली पुसली तरी गिटच्या (कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) इतिहासात ती राहते. त्यामुळे उघडी पडलेली किल्ली रद्द करून नवीच घ्यावी लागते. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअरे लिहिणाऱ्या छोट्या चमूलाही गुपिते वेगळ्या तिजोरी-सेवेत ठेवणे आणि प्रत्येक प्रोग्रामला गरजेपुरताच अधिकार देणे परवडते.

दुसऱ्याच्या वतीने

आजची बहुतेक सॉफ्टवेअरे एक माणूस, एक फोन, एक खाते असे गृहीत धरतात. मराठवाड्यातल्या वाडी-तांड्यावर एकच फोन घरातल्या चार जणांचा असतो, ओटीपी पुण्यात कामाला गेलेल्या मुलाच्या नंबरवर जातो आणि अर्ज भरतो तो सेवा केंद्राचा चालक. त्याच्याकडे एक वही असते: नाव, मोबाइल, युजरनेम, पासवर्ड. एका गावाची सगळी गुपिते त्या वहीत, उघडी. चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. अर्ज भरायला आलेले काका पुढच्या वेळी पासवर्ड विसरून येणार हे त्याला माहीत असते, आणि काकांच्या वतीने काम करायची दुसरी वाट पोर्टलने ठेवलेलीच नसते.

पासकी या नव्या पद्धतीत पासवर्ड उरतच नाही. खाजगी किल्ली फोनमध्ये राहते, ती फक्त खऱ्या संकेतस्थळालाच उत्तर देते, आणि फोनवर वाचून दाखवण्यासारखा आकडाच नसतो. वेबऑथन हे त्यामागचे मानक २०१९ मध्ये मान्य झाले. फसवणुकीविरुद्ध याहून भक्कम साधन आज सामान्य माणसाच्या हाती नाही. मात्र सामायिक फोनवर पासकी म्हणजे तो फोन उघडू शकणाऱ्या प्रत्येकाची किल्ली.

गुपित हाती न देता अधिकार देण्याची रीत मात्र उपलब्ध आहे. २०१२ च्या ओऑथ २.० मानकात एका सेवेला दुसऱ्या सेवेतील ठरावीक कामापुरते, मुदतीचे टोकन मिळते. ते स्वीकारणाऱ्याने सही, देणारा, कोणासाठी दिले आणि मुदत हे चारही तपासायचे असतात. २०२१ पासून चालू असलेल्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेत बँकेची माहिती कोणाला, कशासाठी, किती काळ द्यायची याची संमती अशीच नोंदवली जाते आणि मागेही घेता येते. सेवा केंद्रासाठी हेच करता येईल. चालकाने स्वतःच्या लॉगिनने यावे, काकांनी एका अर्जापुरती संमती द्यावी, अर्ज दाखल होताच ती संपावी, आणि कोणी काय भरले याची नोंद दोघांच्या नावाने राहावी.