जुना कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडताना: व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टरची माहिती

आमच्याकडे परत येणाऱ्या कन्व्हर्टरपैकी बऱ्याच डब्या मुळात बिघडलेल्या नसतात, त्या उलट्या दिशेच्या असतात. खोक्यावर व्हीजीए (जुन्या कॉम्प्युटरची चित्राची जोडणी) आणि एचडीएमआय (नव्या टीव्हीची) ही दोन्ही नावे असतात, केबलीही दोन्हीकडे व्यवस्थित बसतात, आणि तरी टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येत राहते. कन्व्हर्टर एकमार्गी असतो. नवा लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला जोडायची डबी वेगळी आणि जुना कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडायची वेगळी. आपल्याला हवी ती ओळखायची खूण अशी: व्हीजीएच्या बाजूला पिना असलेले तोंड, एचडीएमआयच्या बाजूला केबल खुपसायचे भोक, आणि सोबत विजेसाठी यूएसबीची वायर. एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय आणि मध्ये काहीच नाही अशी नुसती केबलही बाजारात मिळते. स्वस्त असली तरी ती घेऊ नका. त्यात चिप नसते, त्यामुळे नेहमीच्या कॉम्प्युटरवरून टीव्हीवर चित्र येत नाही.

डबीत नेमके काय घडते

व्हीजीए 1987 साली आयबीएमच्या पीएस/2 मशीनबरोबर आले. त्यात लाल, हिरवा आणि निळा रंग तीन वेगळ्या तारांतून जातो. रंग जितका उजळ हवा तितका व्होल्टेज जास्त, आणि तोही जेमतेम 0.7 व्होल्टपर्यंत. ओळ कुठे संपली आणि पडदा कुठे संपला हे सांगायला आणखी दोन तारा असतात. एचडीएमआयचा पहिला आराखडा 2002 च्या डिसेंबरात आला आणि तो पूर्ण डिजिटल आहे. म्हणजे कन्व्हर्टरला तो हलता व्होल्टेज सतत मोजून आकड्यांत बदलावा लागतो. पडद्यावर 1024 × 768 ठिपके असतील आणि चित्र सेकंदाला 60 वेळा (60 हर्ट्झ) नव्याने रेखले जात असेल, तर ही मोजणी सेकंदाला साडेसहा कोटी वेळा होते. एक ठिपका कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे व्हीजीए सांगत नाही. तो अंदाज डबीलाच बांधावा लागतो. अंदाज किंचित चुकला की अक्षरांच्या कडा थरथरतात. डबीवर ‘ऑटो’ बटण असेल तर पांढऱ्या पानावर भरपूर मजकूर उघडून ते दाबा, काळ्या पडद्यावर दाबून उपयोग नाही.

हे सगळे काम विजेवर चालते, म्हणून यूएसबीची वायर सोडून देऊ नका. जुन्या मशीनच्या पुढच्या यूएसबी पोर्टवर चित्र मधूनमधून जात असेल तर वायर मागच्या पोर्टला किंवा 5 व्होल्टच्या मोबाइल चार्जरला लावून पाहा.

तुमच्या कॉम्प्युटरच्या मागे पोर्ट कोणते आहे?

निळे, पंधरा भोकांचे, तीन ओळींचे असेल तर ते व्हीजीए. पांढरे आणि रुंद असेल तर ते बहुधा डीव्हीआय. डीव्हीआय असेल तर कन्व्हर्टर घेऊच नका. डीव्हीआयचा डिजिटल सिग्नल आणि एचडीएमआयचा सिग्नल एकाच जातीचा, त्यामुळे डीव्हीआय ते एचडीएमआय अशी साधी केबल पुरते आणि चित्रही व्हीजीएपेक्षा स्वच्छ येते. दोन्ही पोर्ट असताना ग्राहक सवयीने निळ्याकडेच वळतात, म्हणून हे मुद्दाम सांगत आहोत.

नऊ भोकांचे व्हिडिओ पोर्ट असलेली, व्हीजीएच्या आधीच्या सीजीए किंवा ईजीए काळातली मशीन, तसेच झेडएक्स स्पेक्ट्रमसारखे टीव्हीच्या अँटेनाला जोडायचे घरगुती कॉम्प्युटर यांना या पत्रकातली डबी चालणार नाही. व्हीजीएमध्ये सेकंदाला साधारण 31,500 ओळी रेखल्या जातात, सीजीएमध्ये त्याच्या निम्म्या, आणि स्पेक्ट्रमचा सिग्नल तर थेट टीव्ही चॅनलसारखा बाहेर येतो. त्यांचा मार्ग वेगळा आहे.

जुना मॉनिटर काढण्याआधी

ही पायरी गाळू नका. डब्बा मॉनिटरच्या काळात पडदा लुकलुकू नये म्हणून रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रेखायचे तो आकडा) 75 किंवा 85 हर्ट्झवर ठेवायची पद्धत होती. ती सेटिंग मशीनमध्ये तशीच राहते, आणि बहुतेक टीव्ही व्हीजीएकडून आलेला असा सिग्नल घेत नाहीत. म्हणून जुना मॉनिटर जोडलेला असतानाच रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) 1024 × 768 आणि रिफ्रेश रेट 60 हर्ट्झ करून घ्या. विंडोज एक्सपीत डेस्कटॉपवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग सेटिंग्ज, मग अॅडव्हान्स्ड, आणि तिथे मॉनिटरचा टॅब. मॉनिटर आधीच भंगारात गेला असेल तर मशीन सुरू होताना एफ8 दाबत राहा आणि येणाऱ्या यादीतून व्हीजीए मोड निवडा. त्या वेळी टीव्हीवर यादी दिसली नाही तर थोड्या वेळासाठी कुणाचा तरी मॉनिटर मागून आणावा लागेल.

यादी न दिसण्याचे कारण साधे आहे. मशीन सुरू होतानाची काळ्यावर पांढरी अक्षरे 720 × 400 आणि 70 हर्ट्झला येतात, आणि काही कन्व्हर्टर तो प्रकार ओळखतच नाहीत. विंडोज येईपर्यंत टीव्ही काळा राहिला म्हणून लगेच डबी परत आणू नका, दोन मिनिटे थांबा.

जोडणी

दोन्हीकडची वीज बंद करा. डबी व्हीजीए पोर्टला सरळ रेषेत लावा, तिरकी दाबू नका. केबलच्या मधल्या ओळीत एक पीन नसली तर ती तुटलेली समजू नका, अनेक केबलींत नववी पीन मुद्दामच नसते. वाकलेली पीन मात्र रंगावरून लगेच कळते: लाल गेली तर चित्र निळसर-हिरवे होते, हिरवी गेली तर जांभळट, निळी गेली तर पिवळे.

अंतर जास्त असेल तर लांबी एचडीएमआयच्या बाजूला घ्या. व्हीजीएची लांब केबल अक्षरांमागे सावल्या पाडते.

व्हीजीएमधून आवाज जात नाही. कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकातून डबीवरच्या छोट्या भोकात ऑडिओची वायर लावा, म्हणजे टीव्हीतून आवाज येईल. मग टीव्ही सुरू करून रिमोटवरून बरोबर एचडीएमआय सोर्स निवडा आणि शेवटी कॉम्प्युटर सुरू करा. लॅपटॉप असेल तर पडद्याचे चित्र असलेले बटण एफएनसोबत दाबावे लागते. विंडोज 7 पासून विंडोज आणि पी ही बटणेही चालतात.

चित्र आले, पण नीट नाही

माणसे जाडी दिसतात? जुने चित्र 4:3 आहे आणि टीव्ही 16:9. रिमोटवर चित्राचा आकार 4:3 करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, आणि तेच बरोबर आहे.

स्टार्टचे बटण अर्धे कापले जाते? टीव्ही चारी कडांनी चित्र थोडे मोठे करतो, ही नळीच्या टीव्हीपासूनची खोड आहे. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘1:1’ अशा नावाचा पर्याय शोधा.

टीव्ही 1366 × 768 चा आहे, पण कॉम्प्युटरमध्ये तो आकडाच दिसत नाही? 1366 ला आठने भाग जात नाही, म्हणून अनेक जुनी ग्राफिक्स कार्डे तो देत नाहीत. 1360 × 768 किंवा 1280 × 720 निवडा.

60 हर्ट्झ असूनही टीव्ही ‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’ म्हणत असेल तर तुमची डबी बहुधा मिळालेले रिझोल्यूशन जसेच्या तसे पुढे पाठवणारी आहे. अशा टीव्हीला स्केलर असलेला कन्व्हर्टर लागतो, जो आत काहीही आले तरी बाहेर 720पी किंवा 1080पीच देतो. माउस हातामागून रेंगाळत असेल तर टीव्हीचा गेम मोड लावा.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. टीव्ही फोरके असला तरी कॉम्प्युटरने पाठवलेले ठिपके तेवढेच राहतात. 1024 ठिपक्यांची ओळ मोठ्या पडद्यावर ताणली की अक्षरे मऊ दिसणारच. जुने फोटो, सिनेमे, जुने गेम यांना ही सोय झकास आहे. दिवसभर टायपिंग किंवा हिशेब करायचे असतील तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: कन्व्हर्टरऐवजी व्हीजीए पोर्ट असलेला वापरलेला मॉनिटर घ्या.

डबी घ्यायला येताना कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा आणि टीव्हीच्या पोर्टांचा असे दोन फोटो मोबाइलमध्ये घेऊन या. मॉडेल नंबरपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.