दुसऱ्याच्या फोनमध्ये ‘ऐकण्याचं ॲप’ आम्ही टाकून देत नाही

आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर अधूनमधून कुणीतरी हळू आवाजात विचारतं, “बायकोचे कॉल माझ्या मोबाइलवर ऐकू येतील असं काही करून देता का?” कधी बायको नवऱ्यासाठी विचारते, कधी मालक कामगारासाठी. आमचं उत्तर नाहीच असतं. का, ते इथे लिहितो.

भारतात दुसऱ्याचा फोन चोरून ऐकण्याची मुभा फक्त सरकारला आहे, आणि तीही अटींवर. 1885 च्या टेलिग्राफ कायद्यात ही मुभा होती, पण ती वापरायची कशी याचे नियम नव्हते. 18 डिसेंबर 1996 रोजी पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की घरात किंवा ऑफिसात बसून फोनवर खासगी बोलता येणं हा घटनेच्या कलम 21 मधला (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा) हक्क आहे. तेव्हापासून गृहसचिवांचा आदेश लागतो. तातडीच्या वेळी दुसरा वरिष्ठ अधिकारी तो काढू शकतो, पण त्यावर 7 कामाच्या दिवसांत मंजुरी घ्यावी लागते. आता 2023 चा दूरसंचार कायदा आणि 2024 चे नियम आहेत. आदेश एका वेळी 60 दिवसांचा, वाढवून वाढवून 180 दिवसांपर्यंत. 2019 मध्ये लाचेच्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाने सीबीआयकडची टॅप केलेली संभाषणं नष्ट करायला लावली, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्नच तिथे नव्हता. सीबीआयला जे जमलं नाही, ते दुकानदाराने कसं करायचं?

बेकायदा कॉल ऐकल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाच्या कॉलची यादी, म्हणजे सीडीआर, मिळवून देण्याचं कामही आम्ही करत नाही. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी त्यावरून खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

“नवरा-बायकोतलं रेकॉर्डिंग आता कोर्टात चालतं ना?” असंही विचारतात. जुलै 2025 चा सुप्रीम कोर्टाचा तो निकाल घटस्फोटाच्या खटल्यातल्या पुराव्याबद्दल आहे, आणि तिथे नवऱ्याने स्वतःचंच बायकोशी झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. तिसऱ्याशी चाललेलं तिचं बोलणं ऐकायची परवानगी त्यातून मिळत नाही.

स्वतःच्या फोनबद्दल शंका असेल तर मात्र जरूर या. कॉल फॉरवर्डिंग, अनोळखी ॲप, माइकच्या परवानग्या हे सगळं तुमच्यासमोर तपासतो, पैसे घेत नाही. असं ॲप सापडलं तर लगेच काढत नाही. आधी स्क्रीनचे फोटो काढून देतो, सायबर पोलिसांकडे तक्रार करताना ते लागतात.