मिस्सेला परतणे आणि ख्रिस्तप्रसादाला परतणे

अनेक वर्षे चर्चपासून दूर राहिलेल्या कॅथलिक माणसाला परतावेसे वाटू लागले, की दोन गोष्टींची त्याच्या मनात सरमिसळ होते: रविवारच्या मिस्सेला (चर्चमधील सामुदायिक उपासनेला) पुन्हा जाऊ लागणे आणि ख्रिस्तप्रसाद (त्या उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर) पुन्हा स्वीकारणे. त्यामुळे कोणी पहिल्याच दिवशी इतरांमागोमाग प्रसादाच्या रांगेत उभा राहतो, तर कोणी आपला अधिकारच उरला नाही असे समजून चर्चची पायरीही चढत नाही. माझ्या मते दुसरा गैरसमज अधिक घातक आहे.

मिस्सेला जाण्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो व त्याची खूण पुसली जात नाही, अशी चर्चची शिकवण असल्यामुळे तो पुन्हा घेण्याचाही प्रश्न उद्भवत नाही.

ख्रिस्तप्रसादाचे तसे नाही. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेतील कलम ९१६ प्रमाणे, गंभीर पाप घडल्याची जाणीव असलेल्याने एरवी पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देऊन क्षमा मागणे) केल्याशिवाय प्रसाद घेऊ नये. आणि सबळ कारणावाचून रविवारची मिस्सा जाणूनबुजून चुकवणे हेही गंभीर पापांतच मोडते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. म्हणून पापनिवेदन होईपर्यंत इतर लोक रांगेत गेले तरी आपण बाकावरच बसून राहावे. त्यात काही वावगे नाही.

धास्ती असते ती या पापनिवेदनाचीच. प्रत्यक्षात सुरुवातीलाच ‘फादर, बऱ्याच वर्षांनी आलो आहे, पद्धत आठवत नाही’ एवढे सांगितले, तर धर्मगुरू पुढचे प्रश्न स्वतःच विचारत जातात आणि पश्चात्तापाची प्रार्थनाही सांगून म्हणवून घेतात. गंभीर पापांचे स्वरूप आणि आठवेल तितकी संख्या सांगायची असते; प्रामाणिकपणे विसरलेले पाप क्षमेच्या आड येत नाही. ऐकलेले बाहेर फोडण्याची मुभा तर धर्मगुरूंना कोणत्याही कारणास्तव नसते.

प्रोटेस्टंट पंथांत असे खासगी पापनिवेदन सहसा सक्तीचे नसते, त्यामुळे तिकडचा अनुभव इकडे लागू करू नये.

गुंता होतो तो विवाहाच्या बाबतीत. मधल्या काळात चर्चबाहेर लग्न झाले असेल, तर केवळ पापनिवेदनाने भागत नाही. आधी धर्मगुरूंशी सविस्तर बोलून त्या विवाहाचा प्रश्न मार्गी लावावा लागतो. त्याला कितीही वेळ लागला, तरी दरम्यान मिस्सेला येण्यास मात्र कोणतीही आडकाठी नसते.